पुरेल का?

निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला एक्सेलचा एक तक्ता पाठवला. वर लिहिलं होतं, ‘सर, एकदा भरून बघा, झोप छान लागेल.’ रविवारी चर्चहून आलो, जेवलो आणि लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसलो. आत्ताचं वय, निवृत्तीचं वय, महिन्याचा खर्च, महागाई ६ टक्के, पीएफ, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी असं एकेक भरत गेलो. शेवटी एक रकाना आला : ‘अपेक्षित आयुर्मान’.

पीएफचा आकडा पोर्टलवर मिळतो. हा कुठून आणायचा?

वडील ७१व्या वर्षी गेले. आई ८४ची आहे आणि समोरच बसून कोथिंबीर निवडत होती. मी ८५ टाकले. तक्ता सगळा हिरवा. सहकाऱ्याचं खरं होतं, बरं वाटलं. मग आईकडे एकदा नजर गेली, तिच्या बोटांचा वेग बघितला आणि ८५चे ९० केले. खालच्या ओळी लाल झाल्या. तक्त्याचं म्हणणं असं की ८८व्या वर्षी माझे पैसे संपणार आणि पुढची दोन वर्षं मी काय खाणार ते त्याला ठाऊक नाही.

यावर मी तासभर घालवला, खोटं कशाला सांगू. मेलबर्नला मुलाकडे वर्षाआड जायचं, दरवर्षी नाही. गाडी बदलायची नाही. महागाई ६ऐवजी साडेपाच धरून बघितली, म्हणजे जणू रिझर्व्ह बँक माझ्या लॅपटॉपवर चालते.

“काय चाललंय रे मघापासून?” आईने विचारलं.

“पैसे पुरतील का ते बघतोय.”

“कधीपर्यंत?”

“२०५८.”

आई हसली नाही. कोथिंबिरीची मुळं कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “तुझी आजीपण असंच बघायची. पण ती रातच्याला पुरंल का एवढंच बघायची.”

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आमचं गाव नेवासे तालुक्यात, वडाळा मिशनच्या बाजूला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं आणि पुढे त्याच्या शाळा तालुक्या-तालुक्यांत पसरल्या. त्यातल्याच एका शाळेत आजोबा मास्तर होते. शाळेची खोली तीच रविवारी देऊळ व्हायची. ‘देऊळ’ हा आमच्या म्हाताऱ्या माणसांचा शब्द. चर्च म्हणायला आम्ही पुण्यात आल्यावर लागलो.

१९७२च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. मला स्वतःला आठवते ती फक्त सुकडी, तिचा गोडसर वास आणि टाळूला चिकटणारा भुगा. बाकीचं आईचं. ती तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, वडील नगरला कारकून. म्हणजे दोन पगार होते घरात, छोटे का होईना. पण त्या वर्षाबद्दल आमच्याकडचे लोक एक वाक्य अजून बोलतात : बहात्तरला पाणी होतं, दाणा नव्हता. पैसे घेऊन बाजारात गेलं तरी ज्वारी नाही. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आई सांगते, त्याची भाकरी थापता थापता कडेने चिरायची आणि तव्यावर टाकली की नकाशासारखी दिसायची.

पिठाचा डबा आजीच्या ताब्यात होता. रोज दुपारी ती तो उचलायची, दाराच्या उजेडाकडे तिरका धरायची आणि आत बघून आईला विचारायची, “पुरंल का गं?” आईला त्या प्रश्नाचा राग यायचा, कारण उत्तर डब्यातच दिसत होतं. त्याहून जास्त राग यायचा तो पुढच्या गोष्टीचा. परातीत पीठ घ्यायच्या आधी आजी त्यातली एक मूठ काढून चुलीमागच्या गाडग्यात टाकायची. ती मूठ देवाची. आठवड्याचं जमेल तेवढं रविवारी देवळात जायचं. डब्यात चार मुठी असल्या तरी एक तिकडे.

एके दिवशी डब्यात खरोखरच काही नव्हतं. आजीने वाटीने खरवडलं तरी आवाजच जास्त आला. संध्याकाळी समोरच्या घरातली म्हातारी मापटंभर मिलोचं पीठ घेऊन आली. ती स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आमच्या देवळातली नव्हती, आणि तिच्या घरात खाणारी तोंडं आमच्यापेक्षा जास्त. आईने ‘नको, नको’ सुरू केलं. आजी म्हणाली, “ठेव बाई तिथं,” आणि परात पुढे ओढली. बस, एवढंच. आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. आणि त्या पिठातलीही पहिली मूठ गाडग्यात गेली!

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते. आजीच्या घरी व्हायची तीच, प्रभूने शिकवलेली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ आता माझ्या फ्रीजमध्ये दोन प्रकारचं चीज आहे, फ्रीजरमध्ये पंधरा दिवसांचं मटण-मासळी आहे, आणि एवढं करून काही राहिलंच तर दहा मिनिटांत पोरगा दाराशी आणून देतो. मी डोळे मिटून ‘आज दे’ म्हणतो तेव्हा नेमकं काय मागत असतो? फ्रीजच्या वरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, बायकोने फ्रेम लावली आहे : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ ही ओळ आमच्या समाजात घरोघरी भिंतीवर असते. आजीच्या घरी ती कोळशाने लिहिलेली होती. आजीसाठी तो धीर होता. माझ्या स्वयंपाकघरात ती यादीतल्या टिकमार्कसारखी दिसते : काही उणे नाही, बरोबर, तपासलं.

आणि तरी रात्री दोन वाजता जाग येऊन ८८व्या वर्षाचा विचार करणारा मी. आजी त्या दुष्काळात झोपायची. आई सांगते, घोरायची.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. मध्यंतरी तिथे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय घेतला होता. पौल लिहितो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. या वचनावर मी आयुष्यभरात वीसेक प्रवचनं तरी ऐकली असतील, आणि सगळी एकाच बाजूला झुकतात : टंचाईत कुरकुर करू नका. पौल पुढे दोन्ही म्हणतो. भुकेलं राहायचं कसं ते शिकलो आणि पोटभर असताना राहायचं कसं तेही शिकलो. विपन्नता आणि संपन्नता, दोन्हींचं रहस्य त्याला शिकावं लागलं. दुसरी अर्धी गोष्ट आम्ही सोडूनच देतो. पोटभर असणं यात शिकायचं काय? ते तर जमतंच सगळ्यांना.

जमत नाही. निदान मला जमलेलं नाही. गरिबीचं शिक्षण आमच्या घराण्यात तीन पिढ्यांचं आहे. श्रीमंती माझ्याच पिढीत आली आणि तिला शिकवणारं घरात कोणी नव्हतं.

ती आली कशी, तेही बघण्यासारखं आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातले कष्ट माझे, मान्य. पण आज माझ्या नावावर जी रक्कम दिसते तिचा मोठा भाग वडगाव शेरीच्या फ्लॅटचा आहे. २००४ साली घेतला तेव्हा समोर पाण्याचे टँकर आणि मोकाट कुत्री. मग आयटी पार्क वाढले, विमाननगर फुगलं, २०२४ साली मेट्रो रामवाडीपर्यंत आली. भाव वाढत होता तेव्हा मी झोपलेलो होतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएलांना बजावतो की पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, आणि तेव्हा मनात म्हणाल, ही संपत्ती माझ्याच हाताच्या बळाने मिळाली. मी तर हातही हलवला नव्हता, तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘आम्ही बरोबर वेळेला घेतला’ असं ऐटीत सांगत होतो.

प्रार्थनासभेत साक्ष द्यायची वेळ आली की आमच्यात दुसराच प्रकार होतो. ‘प्रभूने आम्हाला नवी गाडी दिली.’ ‘प्रभूने मुलाला कॅनडाचा व्हिसा दिला.’ मी स्वतः फ्लॅटच्या वेळी अशी साक्ष दिली आहे आणि मोठ्याने ‘आमेन’ मिळवलं आहे. कृतज्ञता म्हणून हे ठीक आहे. पण खोलीत कोपऱ्यात ज्यांची नोकरी गेलेली असते ते जोडपं तेव्हा जमिनीकडे बघत असतं. प्रभूने त्यांना काय दिलं म्हणायचं? टीव्हीवरचे काही उपदेशक तर याचा हिशेबच मांडतात, एवढं पेरा, एवढं उगवेल. हे ऐकलं की मला वाटतं, याच्यापेक्षा माझा एक्सेलचा तक्ता बरा. तो निदान देवाच्या नावाने व्याज मागत नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे रेव्हरंड टिळक. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पुढे दोन वर्षांत, १९१९ला ते गेले. त्यांची भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर गातो, माझे डोळेही भरून येतात. पण पगार सोडल्याचं ऐकून माझ्या पोटात पहिल्यांदा जे येतं ते भक्ती नसून ‘आणि घरच्यांचं काय?’ हे असतं. मी टिळक नाही. मला टिळक व्हायला सांगितलेलं आहे का, याबद्दलही शंका आहे. बायबलमधल्या योसेफाने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा साठवायला लावला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. रानात इस्राएलांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना नासत नव्हता, हेही त्याच अध्यायात आहे. म्हणजे साठवणं हाच गुन्हा असता तर गोष्ट सोपी होती.

मग लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या त्या शेतकऱ्याचं चुकलं कुठे? पीक भरपूर आलं, कोठारं अपुरी पडली, मोठी बांधायचं त्याने ठरवलं. कुठलाही शहाणा माणूस हेच करील, बँक तर कर्जही देईल. त्या रविवारी तक्ता बंद करून मी तो दाखला पुन्हा वाचला. त्याचं सगळं बोलणं स्वतःशी आहे. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, आणि शेवटी आपल्याच जिवाला म्हणतो, बाबा, खा, पी, मजा कर. गोष्टीत दुसरं माणूस नाही. बायको नाही, गडी नाही, शेजारीही नाही. पहिला दुसरा आवाज येतो तो देवाचा, आणि तो ‘अपेक्षित आयुर्मान’ हा रकाना भरून टाकतो : आज रात्री.

मी तक्ता परत उघडला. माझ्याही तक्त्यात माणसं नव्हती. मी आहे, माझे खर्च आहेत, माझ्या ठेवी आहेत. दशांश, म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा भाग, होता, पण तो ‘इतर’ या ओळीत, वर्तमानपत्र आणि केस कापण्याच्या खर्चाबरोबर. तो तिथून उचलून पहिल्या ओळीत आणला. त्यात कळलं की मी गेली कित्येक वर्षं दशांश म्हणून जे देतो ते दहावा भाग नसून साधारण विसावा आहे. खरा आकडा टाकला तर ८८चे ८६ झाले. हे सगळं आईला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडे कापणीचा सण असतो. गावाकडे या दिवशी वेदीसमोर ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, केळीचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या असा ढीग असायचा आणि उपासनेनंतर लिलाव. कोंबडी प्रवचनाच्या मध्येच ओरडायची, पाळकसाहेब थांबायचे, मग पुढे चालू. पुण्यात कोणाच्या शेतात काय पिकतं? लोक आदल्या दिवशी मंडईतून भाजी आणतात आणि वेदीसमोर मांडतात. शिवाय केक, लोणच्याच्या बरण्या, कोणीतरी एक प्रेशर कुकर. एक नारळ दरवर्षी पाच-सहा वेळा विकला जातो. घेणारा पैसे देतो आणि ‘परत लिलावाला’ म्हणून नारळ माघारी देतो. मला ही प्रथा फार आवडते आणि त्यात मिरवायलाही आवडतं. गेल्या वेळी मी तो नारळ ५००० रुपयांना घेऊन परत दिला होता. टाळ्या पडल्या होत्या.

आई मात्र स्वतः पिकवलेलं नेते. गॅलरीत रंगाची रिकामी बादली अर्धी कापून त्यात तिने मेथी लावली होती. सकाळी उठून खुडली, केळीच्या सोपटाने एक जुडी बांधली. एवढीशी, मुठीत मावेल अशी.

लिलाव करणारे पंच विनोदी आहेत. त्यांनी जुडी वर धरली. “चौऱ्याऐंशी वर्षांच्या नर्सबाईंची मेथी, औषधी आहे, बोला!” आईची मेथी दुसऱ्या कोणाकडे कशी जाऊ देणार? मी २०० म्हटलं. मागच्या बाकावरून आवाज आला, २५०. वळून बघितलं तर रिक्षा चालवणारा आमच्याच मंडळीतला एक जण, बायको आणि दोन मुली शेजारी. मी ४००. तो ४५०. मी ५०० म्हटलं. तो थोडा थांबला, बायकोशी काहीतरी बोलला आणि म्हणाला, ५५०. मी १००० म्हणायला तोंड उघडलं तोच आईने शर्टाची बाही ओढली.

“गप. घेऊ दे त्याला.”

“अगं, त्याला परवडणार नाही. त्याचा दिवसाचा धंदा असेल हा.”

“ते तू ठरवणार?”

मी गप्प बसलो. तो पुढे आला, खिशातून शंभराच्या नोटा काढल्या, एक पन्नासची, जुडी घेतली आणि आईकडे बघून हसला. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर आई काही वर्षं आमच्या मंडळीतल्या बाळंतिणींकडे बघायला जायची. त्याची थोरली मुलगी त्या वेळची. हे मला घरी आल्यावर कळलं.

त्या रात्री फिलिप्पैकरांचं पत्र पुन्हा काढलं. शिकलो आहे, तृप्त आहे, असं ज्या परिच्छेदात पौल म्हणतो तो परिच्छेद मुळात पैशांची पोच आहे. तो बंदिवासात होता आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. त्याबद्दलचं हे पत्र. आणि ही फिलिप्पैची, म्हणजे मासेदोनिया प्रांतातली माणसं पैसेवाली नव्हती. करिंथकरांना लिहिताना पौलच सांगतो की ती कमालीच्या दारिद्र्यात होती आणि तरी ऐपतीबाहेर देत होती. आमच्या पाळकसाहेबांनी बुधवारी हे सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेल. मला आतापर्यंत वाटायचं की तृप्त माणूस म्हणजे ज्याला कोणाचं काही लागत नाही तो. इथे तर तो गरिबांचे पैसे घेतो, मोकळेपणाने घेतो, आणि त्याच कागदावर म्हणतो मी तृप्त आहे. ‘ठेव बाई तिथं’ म्हणून परात पुढे ओढणाऱ्या आजीला हे पत्र कोणी समजावून द्यावं लागलं नसतं.

मला द्यायला येतं. टाळ्या पडतील असं द्यायला तर फारच छान येतं. घेता येत नाही. कोणी चहा पाजला तरी संध्याकाळपर्यंत तो फिटलेला असावा लागतो. माझा तो २०५८चा तक्ता तरी दुसरं काय आहे? कोणाचंही काही घ्यायची वेळ येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. मुलाचं नको, मंडळीचं नको, आणि खरं बोलायचं तर देवाचंही नको.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. रिक्षावाल्याची धाकटी मुलगी, हातात स्टीलचा डबा. “मम्मीने दिलेत. आजींच्या मेथीचे पराठे.” उघडला तर वरच्या कप्प्यात पराठे, खाली लसणाची चटणी. ५५० रुपयांच्या मेथीतले अर्धे आमच्याकडे परत आले होते. मुलगी पळाली सुद्धा.

आम्ही जेवलो. आईने एक खाल्ला, मी तीन. मग डबा घासला, पुसला आणि सवयीने फ्रीज उघडला, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो, हे काय सांगायला हवं. मुलाने मेलबर्नहून पाठवलेली चॉकलेटं होती, ती घातली. बदाम घातले. अंजिराचं पाकीट कोंबलं. झाकण बसेना म्हणून दाबत होतो. आई काठी टेकत आत आली, बघत उभी राहिली. मग झाकण काढून तिने एकेक जिन्नस बाहेर ओट्यावर ठेवला.

“अगं, रिकामा कसा द्यायचा?”

“दोन दिवस राहू दे ना इथं,” ती म्हणाली. “जेवलास आत्ताच.”

शुक्रवार झाला आज. डबा ओट्यावर उपडा आहे. पाणी प्यायला गेलो की दिसतो.